पाळी

सोमवारी पहाटे सहाच्या बोटीवर माझी पाळी.
दोर सोडतो, रॅम्प उचलतो, माणसं मोजतो.
इंगा रेंडल. वय बारा, सुटकेस एक.
बेटावरच्या शाळेत मुलं सात,
त्यांतली दोन तिचीच भावंडं.
आता कर्कवॉलची मोठी शाळा, आठवडाभर वसतिगृह,
जेवणघरात ट्रे आपटल्याचे आवाज
आणि ट्यूबलाइटची ती गुणगुण
जी तिच्याशिवाय कुणालाच ऐकू येत नाही.

हे तिनं मला सांगितलेलं नाही.
तिची आई धक्क्यावर नर्सबाईंना सांगत होती,
मी दोर गुंडाळत होतो.

मला दिसतं ते एवढंच :
बोट बंदरात शिरली की
खिडकीच्या काळ्या काचेत बघून ती चेहरा चढवते.
आधी भुवया, मग ओठांची कड.
"हो ना!" "कित्ती मस्त!"
दोनतीनदा तालीम,
वर्गातल्या कुणाची तरी मान कलते
तश्शीच मान कलवून.
तोंडदेखलं हसू आपण घटकाभर हसतो.
तिला ते तोंड पाच दिवस उतरवता येत नाही.

शुक्रवारी परतताना ती वर बसत नाही.
मोटारींच्या डेकवर उतरते, नियम मोडून,
इंजिनाच्या थरथरत्या भिंतीला पाठ लावते
आणि झुलते. पुढे, मागे. पुढे, मागे.
मी बघितलं नाही असं दाखवतो.
एकदा एक जुनं जाकीट घडी करून
तिच्या डोक्यामागे ठेवलं.
तेव्हापासून ते तिथंच असतं.

भरती-ओहोटीचं कोष्टक तिला पाठ.
"आज चौदा मिनिटं उशिरा,"
माझ्याकडे न बघता सांगते. चुकत नाही.

नोव्हेंबरात तिची पाळी सुरू झाली.
तेही मलाच सांितलं, पाण्याकडे बघत,
भरतीची वेळ सांगावी तसं.
"समुद्राचं वर्षभर आधी छापून मिळतं.
माझं का नाही?
सगळे म्हणतात, नॉर्मल आहे.
नॉर्मल म्हणजे किती वाजता?"

अठ्ठावन्न वर्षांचा मी. कानापर्यंत लाल झालो.
साखळी तपासली. तपासलेलीच होती.

माझी एक बहीण होती, थोरा.
पक्ष्यांची नावं अंड्यांच्या रंगावरून सांगायची.
तेराव्या वर्षी बोलायची थांबली.
आधी लोक म्हणाले लाजते,
मग म्हणाले नाटकं,
मग हीच खाडी ओलांडून दुसऱ्या एका बोटीनं
तिला ॲबर्डीनला नेलं.
परत आली ती फार शहाणी होऊन.
हात मांडीवर, मान खाली.
नावं विसरली होती की सांगायची बंद झाली होती,
मी विचारलं नाही. दहा वर्षांचा होतो.
पुढे चाळिशीचा झालो,
तेव्हाही नाही विचारलं.

फेब्रुवारीत एका सोमवारी
चढायची पाळी इंगाची होती.
ती धक्क्यावर उभी, सुटकेस पायाशी,
चेहरा चढवलेला नाही.
रडत नव्हती. हट्टही नव्हता.
विझलेल्या दिव्याला हट्ट कुठून असणार?
कप्तानानं एकदा भोंगा दिला.
मी हात वर केला : थांब.
सहा मिनिटं दोर हातात धरून उभा राहिलो.
मग तिची आई वाकली, सुटकेस उचलली,
आणि त्या दोघी घराकडे वळल्या.

उशिराचं कारण लिहायचा रकाना असतो.
मी लिहिलं : प्रवासी तयार नव्हती.
ऑफिसातून फोन आला. येऊ दे.

आता ती फक्त बुधवारी येते, आईबरोबर,
एका बाईंना भेटायला. मोठ्या तज्ज्ञांची तारीख
पुढच्या वर्षीच्या शरदातली.
काल तिनं वही उघडून दाखवली.
पट्टीनं आखलेले उभे रकाने :
झोप. आवाज. रक्त. चेहरा किती तास.
काही चौकोनांत आकडे, काहींत नुसती काट,
मार्चअखेर सगळी कोरी.

"हे भरून टाक की," मी म्हणालो, "अंदाजानं."
तिनं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, सरळ.
"कोष्टक अंदाजानं भरत नाहीत," म्हणाली,
आणि माझ्या खिशातली पेन्सिल मागून घेतली.