हजेरी

मुसफ्फाच्या कॅम्पात मी टाइमकीपर.
पहाटे चारला, बसचे दिवे लागायच्या आत
एकशे अठ्ठ्याण्णव नावं पुकारतो.
कोण तापानं पडलाय,
कुणाच्या नावाला दुसराच कोण ‘हाजिर’ म्हणतोय,
आवाजावरून कळतं मला.

शौकत बुरोंडकर, स्कॅफोल्डिंगवाला, दापोलीकडचा,
व्हिसाच्या मेडिकलला गेला तो कॅम्पात परतलाच नाही.
तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस त्याची बॅग न्यायला आला.
कारण कुणी सांगितलं नाही.
सगळ्यांना कळलं.

अकरा नंबरच्या खोलीत फिनेल ओतलं.
गादी कुणी उचलेना,
ती भिंतीला टेकून उन्हात महिनाभर उभी.

त्याचा स्टीलचा पेला माझ्याकडे राहिला होता.
संध्याकाळचा चहा आम्ही त्यातूनच प्यायचो,
एक घोट तो, एक मी.
सिमेंटच्या कागदात धरून
मी तो ड्रममध्ये टाकला.

मग माझ्या मेडिकलची तारीख आली.
सुई टोचताना कोट्टयमची लिसाम्मा हसली नाही:
पेल्यानं होत नाही, भाईसाब.
रक्तातून होतं, संगातून, आईकडून बाळाला.
अंगात एक पेशी असते,
ती स्वतः फारशी लढत नाही,
लढणाऱ्यांना हाका मारते.

म्हणजे माझ्यासारखी, मी म्हणालो.

हां. हा विषाणू तिच्यातच शिरतो,
तिच्याच रजिस्टरात स्वतःची नावं लिहीत सुटतो.
पानं भरतात, माणसं कमी.
मग तोंडातली बुरशी, जुना खोकला,
रोज गेटवरून परत जाणारे हे भुरटे
आत येऊन पाय पसरतात.
एड्स तो. पुकारणारेच संपत आले, की.
गोळ्या रोज घेतल्या तर
तिथवर जायची गरज नसते.

कापूस दाबून मी बाहेर आलो. पन्नास डिग्री ऊन.
मला थंडी वाजत होती.

परवा शौकतचा आवाज आला फोनवर,
रत्नागिरीच्या सिव्हिलमधून:
‘एकशे बाराचे चारशे चाळीस झाले रे.
तू आकड्यांचा माणूस, म्हणून तुलाच पहिलं सांगतोय.
आणि माझा पेला आहे ना?
कुणी गावी येत असेल तर धाड.’

आहे म्हणालो.

नवा घेतलाय. खिळ्यानं शौ. बु. कोरलंय.
जुन्याला एक पोचा होता.
हातोडी घेऊन बसलोय केव्हाचा,
कुठल्या बाजूला होता,
आठवत नाही.