दुसरी खाच

राकुलच्या मेंढ्यांची खूण : डाव्या कानाला एक खाच.
माझ्या मेंढ्यांची : दोन.
म्हणजे बघा,
चोर व्हायला मला लागला
सुरीचा एकच झटका.

फेरो बेटांवर धुकं उतरलं की
डोंगर, समुद्र, शेजारी, सगळं पुसून जातं.
उरतं हातभर गवत, आणि आपण.
कोकराच्या कानातला रक्ताचा थेंब
माझ्या अंगठ्यावर आला.
गवताला पुसला.
गवत ओलंच होतं, काही दिसलं नाही.

तिचा नवरा त्याच हिवाळ्यात
होडीसकट बुडाला होता.
हे मला ठाऊक होतं.
हे मी आधी सांगायला हवं होतं.

अकरा वर्षं.
आमच्याकडे पाळक येतात सहा आठवड्यांनी,
तेही समुद्राची मर्जी असली तर.
मधल्या रविवारी जाड ग्रंथातून
प्रवचन वाचायचं काम माझं.
आवाज चांगला आहे म्हणत.
हरवलेल्या मेंढराचं प्रवचन दर वर्षी यायचं,
दर वर्षी मी ते न अडखळता वाचायचो.
तिसऱ्या बाकावर राकुल, हात मांडीवर,
आणि वर छपरावरच्या गवतातून वारा.

पाप घशात अडकतं म्हणतात.
नाही हो.
छान गिळलं जातं. भाकर, प्याला, सगळं.
फक्त चव जाते
मटणाची, झोपेची,
कुणी हाक मारली तर आपल्याच नावाची.

ती मेंढी म्हातारी झाली, दात गेले.
एका सकाळी कुंपणापलीकडून राकुल
आपल्या कळपाला बोलावत होती,
तिची ती जुनी, नाकातली हाक,
आणि माझ्या कळपातून एक मान वर झाली.
दोन खाचांचा कान तिकडे वळला.

सुरीने कान कापता येतो.
ऐकणं नाही.

तिच्या दारात उभा राहिलो
आणि प्रवचनाच्या आवाजात सुरुवात केली.
"तो आवाज चर्चमध्ये ठेवून ये," ती म्हणाली.
मग जो उरला
तो माझा मलाच ओळखू येईना.
चुलीवरचं दूध उतू गेलं, तिने जाऊ दिलं.
"त्याच उन्हाळ्यात कळलं होतं मला, मॉर्टन."
"मग बोलली का नाहीस?"
"चोरी तुझी. बोलायचं मी?"

आत ये म्हणाली नाही.
दार लावलंही नाही.

मेंढी, आणि तिच्या वंशातली सतरा,
दुसऱ्या दिवशी तिच्या आवारात सोडली.
तिने मोजून घेतली.
दोनदा.

ग्रंथ गेला दान्यालकडे.
बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा दान्याल,
ओळीखाली काळं बोट सरकवत वाचतो,
मोठ्या शब्दाशी थांबतो, घाम पुसतो.
मी शेवटच्या बाकावर.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
मला प्रवचन ऐकू आलं.

पाळक आले. गुडघे टेकले.
माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी म्हटलं
जे म्हणायचं असतं ते, आणि ते खरं होतं,
हे मी जाणतो.
तरी बाहेर पडलो तर गवतात ती मेंढी
दोन खाचांचा कान हलवत उभी.
कृपा कान शिवून देत नाही.
रात्रभर यावर देवाशी भांडलो.
तो गप्प होता, पण होता.

पुढच्या जूनमध्ये दगडी कोंडवाड्यात
कोकरांच्या खुणा करायचा दिवस.
सगळं गाव जमलेलं.
राकुलचे हात आता थरथरतात.
ती कोंडवाडा ओलांडून माझ्यापाशी आली,
सुरी पुढे केली,
मूठ माझ्याकडे, पातं स्वतःकडे.
"माझी खूण ठाऊक आहे ना तुला?"

कुणी काही बोललं नाही.
दान्यालने उगाच दोर सोडला, पुन्हा बांधला.

कोकरू गुडघ्यांत धरलं.
ओल्या लोकरीचा वास, बरगड्यांमागे धडधड,
त्याची की माझी, कोण जाणे.
डावा कान बोटांत उबदार, पानासारखा.

एक खाच.

हाताला पुढचं आठवत होतं.
थांबलो.

"पुढचं घे," राकुल म्हणाली,
"पाऊस यायच्या आत उरकायचंय."