दंडाची वही

शाळा आवरायची म्हणून शेवटचं कपाट उघडलं.
नकाशे, चेपलेला पृथ्वीगोल, खडूचा भुगा,
आणि तळाशी, वाळवीनं कडा कुरतडलेली,
लाल फडक्यात बांधलेली वही:
दंडवसुली. मुली. नवापुरा.

अकरा वर्षं मी इथे मराठी शिकवते.
पटावर मुलंही आता अकराच,
त्यातली सात खानदेशातून आलेल्या सेंट्रिंगवाल्यांची.
मला बेन म्हणतात, पाढे गुजरातीत म्हणतात,
भांडतात मात्र अहिराणीत.
परवा कागद आला. पट अपुरा, सबब विलीनीकरण.
सही वाचता येत नाही,
शिक्का ठळक.

वहीतली सही वाचता येते.
बाळबोध अक्षर, शाई विटून चहासारखी.

द्वारकी, बाप रामजी पाथरवट.
गैरहजर. कारण: धाकटा भाऊ सांभाळते.
दंड दोन आणे.
पुढच्या महिन्यात द्वारकी, दोन आणे.
श्रावणात द्वारकी. दोन आणे.
भादव्यात.

मुलगी शिकलीच पाहिजे, असा सरकारी हुकूम होता,
आणि रामजीनं हिशेब केला होता:
पोर घरी राहिली की बायको खडी फोडायला जाते,
रोजचा दीड आणा.
सरकारला महिन्याचे दोन दिले तरी
परवडतं.
मी एकटीच हसले त्या रिकाम्या वर्गात.
काय पक्कं गणित,
आणि तेही शाळेचं तोंड न बघता.

राजवाड्यातून निघालेला हुकूम
सुरसागरापर्यंत बग्गीतून येत असेल,
पुढे नवापुऱ्याच्या बोळात त्याला
उतरून चालावंच लागतं.
इथे तो चालताना दिसतो, समासात,
बारीक पेन्सिलीनं:

आज स्वतः गेलो. बाप घरी नाही. आई बोलली नाही.
पुन्हा गेलो. शिव्या.
पुन्हा गेलो. पाणी दिले. घेतले नाही.
पुन्हा गेलो. पाणी दिले.
यापुढे काहीतरी खोडलंय,
इतकं गिरवून की कागद फाटलाय.
त्याखाली: घेतले.

मग कार्तिकात एक ओळ,
भावासह यावे असे सांगितले. ओसरीत झोळी बांधली.

आणि त्या महिन्यापासून
द्वारकी हजर. हजर. हजर. ताप. हजर.

वहीतला सगळ्यात मोठा दंड शेवटच्या पानावर आहे,
तांबड्या शाईत, तपासनिसांच्या हातचा:
शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे.
सीताराम नारायण कर्णिक, मास्तर, यांस सक्त ताकीद.
पगारातून एक रुपया कापावा.

सोळा आणे.
द्वारकीचे आठ महिने.

हुकमाची तसबीर इतिहासाच्या पुस्तकात आहे,
चांगला होता हुकूम, मी तोच शिकवते, परीक्षेत येतो.
कर्णिकांची तसबीर कुठेच नाही.
ओसरीच्या तुळईला दोन कड्या आहेत,
त्यांना आम्ही पंधरा ऑगस्टच्या पताका बांधतो.
कड्या तिथे कशाला, हे कधी कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

नवी शाळा रेल्वेच्या पलीकडे, चार किलोमीटर.
कागदात लिहिलंय, विद्यार्थ्यांची गैरसोय होणार नाही.
ज्यानं लिहिलं तो कधी
अलकापुरीच्या गरनाळ्यातून
सहा वर्षांच्या पोरीचं बोट धरून गेलाय का,
गेला असेल तर कोणत्या वारी,
ते विचारायला कार्यालयात खिडकी नाही.
दंड कुणाच्या नावे टाकू?
वहीत कोरी पानं बरीच आहेत.

काल संध्याकाळी वासणा रोडच्या साइटवर गेले.
आठव्या मजल्याचा स्लॅब चालू होता.
मनीषाचा बाप वर, हात हलवला, उतरला नाही.
आई बोलली नाही.
मनीषा विटांवर बसून भावाला
सेव उसळीतली सेव वेचून भरवत होती.
मला बघून उठली,
थंड पेयाच्या जुन्या बाटलीत बोअरचं पाणी घेऊन आली.

घेतलं.

उद्या पुन्हा जाते.
पेन्सिल आहे पर्समध्ये.