नववी चकती

पंख उतरवून सुताराच्या दोन घोड्यांवर आडवा ठेवला,
तेव्हा गोंदूरच्या हँगरचा पत्रा तापून टकटक वाजत होता
आणि कापडाच्या आत एक पाल
फासळीवरून फासळीवर निवांत चालली होती.
बाहेरून तिची फक्त सावली.

सत्तर वर्षांचं विमान, दोन माणसांपुरतं.
लाकूड, कापूस, तारा, सरस.
फाडण्याआधी वाच, असं मला सांगितलेलं.
मी कपाटात पुस्तक शोधत राहिले.
सुपडू मिस्तरी म्हणाले, "पुस्तक नही. ह्याले वाच."

मग मोजपट्टी घेऊन बसले.
टाक्यापासून टाका अडीच इंच.
अडीच. अडीच. अडीच.
धडाजवळच्या चार फासळ्यांवर मात्र दीड.
वहीत लिहिलं: इथे शिवणाऱ्याचा हात बिघडला.
दुसरा पंख पाहिला. तिथेही धडाजवळ दीड.
दोन्हीकडे इतका सारखा बिघडणारा हात
मी अजून पाहिलेला नाही.

दुपारी बेबाताई शिंपी आल्या, डबा घेऊन.
गादीच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेल्या,
फूटभर लांबीच्या सुईचं त्यांना नवल नव्हतं.
आधी नाकावरचा लाकडी पंखा पाहिला, मग टाके.
"तठे वारा जास्ती लागस,
म्हनीसन टाका जवळ जवळ."
आणि भाकरी सोडली.
मी वाक्य खोडलं. खोडलेलं अजून वाचता येतं.

त्यानंतर मी नक्षीला नक्षी म्हणणं सोडलं.
शिवणीवरच्या पट्टीची कड करवतीसारखी दातेरी:
सरळ कापली तर एक धागा सुटतो आणि पार टोकापर्यंत जातो,
दातेरी कापली तर दातापाशी थांबतो.
गाठ कापडाखाली ओढलेली, वाऱ्याला पकडायला काही नको.
लाकडी पंख्याच्या पितळी टोकाला तीन भोकं,
दाभणाच्या टोकाएवढी.
मला वाटलं होतं, खिळे गळाले.
पण लाकूड पाणी पितं, आणि गरगर फिरताना
ते पाणी टोकाकडे पळतं,
त्याला दार हवं.

कापडावरच्या जुन्या रोगणाला थिनर लावला
की हँगरभर पिकल्या केळ्यांचा वास.
मी सावद्याची.
आमच्याकडे या वासाला हिशोब असतो,
किती घड, कोणता ट्रक, दिल्लीला कधी.
इथे मात्र तो नुसताच यायचा
आणि मी उगीच मागे वळून बघायची.

मागच्या कडेला, खालच्या बाजूला, अकरा चकत्या.
शेपूट टेकून उभं राहणारं विमान,
पाऊस शिरला तर मागेच उतरणार,
म्हणून प्रत्येक चकतीला मधोमध भोक.
नवव्या चकतीला भोक नव्हतं.
चिकटवलेली, रंगवलेली, शेजारणींपेक्षा देखणी.
तिच्या वरचं कापड उघडून बोट घातलं
तर लाकूड भुसा होऊन हातात आलं.

मिस्तरींनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"शहाऐंशीले मीच चिकटाडेल शे ती.
भोक पाडानं इसरनू."
पालीने तेवढ्यात जागा बदलली.

त्यांनी मला हात लावू दिला नाही.
कुजलेलं कापलं, नवं लाकूड जोडलं,
एकास बारा उतार, रंधा असा हळू
की साल कागदासारखी वळून टेबलावरून खाली.
रविवारीही आले. घरून फोन आला, उचलला नाही.

नवं कापड चढलं, रोगण वाळलं,
तापलेल्या तारेने भोकं पाडायची वेळ आली.
मी पाडत गेले, ते मोठ्याने मोजत गेले.
नऊला थांबले.
गुडघे धरून, हळूहळू खाली वाकले,
भोकाला डोळा लावून आत पाहत राहिले.
काय दिसलं, ते मी विचारलं नाही.

"चाल," म्हणाले. "दहावं."