यंदा गाढव कोण

दूतावासाचा फोन आला: माणशी एक बॅग,
पंधरा किलो. गाडी कधी येईल ते सांगत नाहीत.

हारमातानची धूळ दारं लावली तरी आत येते,
पावावर, बायबलवर, मारितच्या पापण्यांवर.
ती म्हणते, हाच आपला बर्फ.
तिनं खरा बर्फ पाहिलेलाच नाही.
हॉलंडहून मंडळींचं शेवटचं पार्सल आलं
त्यात लोकरी मोजे होते, आठ जोड.

कोरोगोच्या नाक्यावर टायर जळतायत.
काल योस्ट औषधं घेऊन परतताना
बंदूकवाल्या पोरानं गाडी अडवली,
कागद उलटे धरून वाचले,
मग खिडकीत वाकून हळूच विचारलं,
"पास्तर, यंदा गाढव कोण होणार?"

तीन नाताळांपूर्वी
गाढवाचे मागचे पाय त्याचेच होते.
झिए. आता मिसरूड फुटलंय.
योस्ट हे सांगताना हसला
आणि हसता हसता पानावरून उठला.

पेलाजी कोळशाच्या इस्त्रीनं
मच्छरदाणीचे पंख सरळ करतेय.
तिला कुठल्याच दूतावासाचा फोन येणार नाही.
आज सांगूनच टाकायचं म्हणून मी तोंड उघडते,
ती म्हणते, "मादाम, ही पिन धरा जरा."

मी पिन धरते.

रात्री मारितची बॅग चाचपली:
रंगीत खडू, एकच मोजा,
आणि तळाशी दडवलेले
गोणपाटाचे दोन लांब कान.
त्यांचं वजन ते काय भरणार?
तरी काढून शिवणाच्या डब्यावर ठेवले.
इथे लागतील.