दम

एल आल्तोत, समुद्रापासून चार हजार मीटर वर,
हवा पातळ, पाणी घालून वाढवलेल्या ताकासारखी.
माणूस दोन जिने चढतो आणि कठडा धरतो.
इंजिनाने तसं केलं तर शिव्या खातं,
एवढाच फरक.

बासिलिया कोंडोरीच्या गॅरेजला पत्र्याचं दार.
दारावर खडूने गिऱ्हाइकांची उधारी.
पाऊस तिरपा आला की दोघं-तिघं सुटतात.

आत एक जुनं टू-स्ट्रोक डिझेल,
कथिलाच्या बंद खाणीतून भंगाराच्या भावात आणलेलं.
त्याच्या कुशीला ब्लोअर: दोन रोटर
एकमेकांना न शिवता एकमेकांतून फिरणारे,
बोलणं टाकलेले भाऊ एका स्वयंपाकघरात फिरतात तसे.
क्रँकला गिअरने जखडलेला.
इंजिनाच्या कमाईतला आपला वाटा आधी काढून घेतो,
पण हवा मागितल्या क्षणी हजर.
आणि तो नसेल तर हे धूड
पहिला श्वाससुद्धा घेत नाही.
बासिलिया त्याला सुईण म्हणते.

अंगणात भाच्याचा, एदिल्बेर्तोचा, ट्रक.
त्याच्यात टर्बो.
ह्याला कुणी पगार देत नाही.
सायलेन्सरकडे निघालेला जळका वायू
वाटेत गाठतो, त्याच्यावर चाक फिरवतो.
इंजिनाने टाकलेल्यावर जगतो,
आणि रात्री चढावर बघाल तर
तव्यासारखा लाल.
घाट वर जातो, हवा विरते,
तसं चाक आणखी जोरात पळतं.
सुईणीला ते जमत नाही. ती ठरलेली ओंजळ देते,
ओंजळीत किती आलं ते बघत नाही.

मागच्या हिवाळ्यात ला कुम्ब्रेच्या खिंडीत
एदिल्बेर्तोने बटाट्याच्या ट्रकला ओव्हरटेक घेतला.
पाय तळाशी, आणि
काहीच नाही.
समोरून बस.
"तेवढ्यात मी तीन संतांना मेणबत्त्या कबूल केल्या,
चौथ्याचं नाव आठवेना."
मग ती शीळ आली, उशिरा, पाठीत धक्का देत.

घरी येऊन म्हणाला, मावशी, हे काढ.
मला सुईण बसव.

बासिलिया चुन्योचं सूप पीत होती.
म्हणाली, टॉप गिअरमध्ये रांगत होतास ना?
इंजिन झोपलेलं. धूरच नाही, तर चाक फिरणार कशावर?
आधी गिअर उतरव. त्याला चार पैसे कमावू दे.
मग माग.
आणि नंतर आयमारात दोनच शब्द.
मी कोपऱ्यात माझ्या बसच्या दुरुस्तीची वाट बघत बसलेलो,
मला आयमारा येत नाही.
पण माझ्या भाषेत ते आपोआप उतरले:
दम धर.
श्वासाला आणि धीराला
आमच्याकडे एकच शब्द पुरतो.

त्याने पटलं नाही असा चेहरा केला,
ट्रक आत घेतला, आणि घाटाचा तापलेला
तसाच चावी फिरवून बंद केला.
तिचा पळा भांड्यात आपटला.
चालू कर! चाक अजून फिरतंय,
तेल तोडलंस त्याचं!

दोन मिनिटं तिघे उभे राहिलो.
ट्रक नुसता घुरघुरत होता.
लाल लोखंड तपकिरी झालं, मग काळं.
मग तिने मान हलवली. चावी.
शीळ बारीक होत गेली, खूप वेळ,
संपली असं वाटल्यावरही थोडी उरली.

त्या रात्री वस्तीतली वीज गेली.
सुईणीने पहिल्याच झटक्याला दिवा पेटवला.
कुणी काही बोललं नाही.

उजेडात बासिलियाने दारावर खडूने लिहिलं:
एदिल्बेर्तो, तेल, सहा लिटर.
बाहेर जाऊन आभाळ पाहिलं.
स्वच्छ होतं.