उपाशीपोटी

बांबोळीहून परतताना बसमध्ये तुम्ही म्हणालात,
"इतकंच ना? कापून टाकू दे."
माडाची सुकलेली झावळी असावी तसं.
पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं.
मी फाइल मांडीवर पालथी धरली,
जयवंत शाबा नाईक, वय एकाहत्तर,
एवढं तरी तिने वाचू नये म्हणून.

डॉक्टर मिनेझिसनी दोन वाटा सांगितल्या होत्या.
दर तीन महिन्यांनी एक सुई, आयुष्यभर,
एकेका सुईला आपले चौदा नारळवाले महिने.
नाहीतर एकदाच, अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी.
दोन्हींचा अर्थ एकच, म्हणाल्या,
पुरुषपणाचं पाणी तोडायचं,
त्या पाण्यावरच तो पोसला जातो.

पाणी तोडणं तुम्हाला कोण शिकवणार?
तेहतीस वर्षं कुंभारजुव्याच्या खाजनात
मानशीवर रात्री काढल्यात,
भरतीला फळ्या पाडायच्या, ओहोटीला उचलायच्या.
"ही फळी परत उचलायची नाही, एवढाच फरक,"
आणि सही केलीत.

रात्री चादर हनुवटीपर्यंत ओढून विचारलंत,
"तुला काय वाटतं?"
लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती,
हा प्रश्न पहिल्यांदाच आला,
आणि सही तर दुपारीच झालेली.
मी म्हटलं, मला झोप येतेय.

मग जानेवारीत पंखा.
पहाटे तीनला घामाने भिजलेला बनियन
मी दोरीवर टाकायची,
शेजारच्या शालनला सांगायची, ताप होता.

दीड वर्षाने रक्तातला आकडा पुन्हा चढला.
"कुर्ली," तुम्ही म्हणालात,
"एक भोक बुजवलं की बांधाला दुसरं पाडते."
आता गोळ्या. रोज चार. उपाशीपोटी.
तुम्ही घड्याळ समोर ठेवून बसायचात,
पोदेराचा भोंगा वाजून विरून जायचा,
उंडो टोपलीत गार व्हायचा.

मोठ्या कंपनीची बाटली, दुसऱ्या कंपनीची बाटली,
मधलं अंतर एका गायीएवढं.
मी फार्मसीत विचारलं, स्वस्त म्हणजे हलकी का?
पोरगा म्हणाला, आतलं औषध तेच, मावशी.
तरी घरी येऊन दोन्ही खोके
खिडकीशी उजेडात धरून बघितले,
काय दिसणार होतं मला.

त्यात तो दलाल, दर रविवारी.
खाडीकडचं भाट दिल्लीच्या एका साहेबाला आवडलंय,
त्याला म्हणे तिथून सूर्य बुडताना बघायचाय.
तुम्ही त्याला चहा दिलात, उत्तर दिलं नाहीत.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
चाराऐवजी एक घेऊन बघूया,
पण नाश्त्यासोबत.
पोटात अन्न असलं की ही गोळी जास्त शोषली जाते,
रक्त तपासत राहू. फक्त खाणं हलकं हवं,
तेल-खोबरं बेतानं.
बसमध्ये मी बोटांवर मोजलं,
महिन्याची बाटली चार महिने.
आणि मनात आलं,
श्रीमंत असतो तर चार मिळाल्या असत्या का?
हे त्यांना विचारायचं राहिलं.
पुढच्या वेळी विचारणार आहे.

आता सकाळी पेज, लोणच्याची फोड,
बिनखोबऱ्याची अळसांद्याची भाजी.
असली भाजी माझ्या सासूने पानाबाहेर फेकली असती.
तुम्ही मुकाट खाता.
गोळी जिभेवर ठेवता, वरून पेजेचा घोट,
आणि बांधाकडे बघत राहता, तिथे आता दुसराच कोणी असतो.

आज दलालाचा कागद टेबलावर होता.
पेनाचं टोपण काढलेलं.
"तुला काय वाटतं?"

मी पेज ढवळत राहिले थोडी.
मग म्हटलं, विहिरीकडचे सात माड ठेवा.
बाकीचं द्या.
ही गोळी थकेल, मग सलाइनवालं औषध यायचंय,
बाई बोलल्यात, तुम्ही तेव्हा लघवीला गेला होतात.

तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत.
मग टोपण परत लावलंत,
"आठ," म्हणालात.
"कुंपणाशी वाकलेला आहे, तो पण."